सात नंबरची बाहुली

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला वॉर्डच्या वहीतलं एक पान गायब असल्याचं लक्षात आलं, आणि पावणेदहापर्यंत सिस्टरच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडायची वेळ आली.

वही साधीच. जाड पुठ्ठ्याची, छापील आकड्यांची, टेबलाच्या पायाला दोरीने बांधलेली. कुणाला काय औषध दिलं, डॉक्टर काय सांगून गेले, कोण आलं, कोण घरी गेलं, सगळं तिच्यात एकाखाली एक लिहायचं. त्या वहीत चाळिसाव्या पानानंतर एकदम त्रेचाळिसावं आलं होतं. मधला कागद कुणीतरी ब्लेडने, शिवणीला अगदी लागून, सफाईने कापून नेला होता.

"थेंबांची नोंद त्याच कागदावर होती," सिस्टर म्हणाली. "सव्वासातची. आजींचं नाव, उजवा डोळा, माझी सही."

"होती ना? आता नाही," मेट्रन म्हणाल्या. "आणि ती नाहीशी होण्यात कुणाची सोय आहे, हे मी तोंडाने बोलायला हवं का?"

भानगड अशी होती. वॉर्ड बायकांचा, बहुतेक खाटा डोळ्यांच्या पेशंटच्या. सात नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात गुरुवारी सकाळी बाहुली मोठी करायचे थेंब टाकायचे, म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांना आतला पडदा नीट दिसेल, अशी चिठ्ठी बुधवारी दुपारीच, सिस्टरच्या देखत, लागली होती. चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त 'खाट सात, उजवा डोळा'. बुधवारी संध्याकाळी आजींनी कुरकुर सुरू केली की खिडकीतला उजेड डोळ्यांत घुसतो. शेजारच्या सहा नंबरवर डोकेदुखीसाठी देखरेखीखाली ठेवलेल्या शिवणाच्या क्लासच्या बाई होत्या. त्यांना टाके घालायला उजेड हवाच होता. दोघींनी आपसांत खाटा बदलल्या. चिठ्ठी मात्र खाटेलाच चिकटून राहिली.

सकाळी डोळ्याचे डॉक्टर यायचेच नाहीत असा निरोप आला, आजींना साडेआठला घरी पाठवलं. आणि नऊच्या फेरीत छोट्या डॉक्टरांनी सात नंबरवरच्या शिवणबाईंच्या डोळ्यांवरचा ओला टॉवेल उचलला, तर उजवी बाहुली ही एवढी मोठी झालेली. डावी नेहमीसारखी.

छोटे डॉक्टर म्हणजे वॉर्डचे शिकाऊ डॉक्टर. चेहरा कोवळा, म्हणून नाव छोटे. ते लगेच म्हणाले, "थेंब चुकून यांच्या डोळ्यात गेलेत. सिस्टर, तुम्ही खाटेचा नंबर बघितला, माणूस नाही बघितलं."

"नाव विचारल्याशिवाय मी पाण्याचा ग्लाससुद्धा देत नाही कुणाला," सिस्टर म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच परका वाटला.

मेट्रननी हात पुढे केला. "कपाटाची किल्ली. आणि दुपारी एकपर्यंत लेखी खुलासा."

सिस्टरने किल्ली कमरेच्या चापातून काढून दिली. व्हरांड्यात जाऊन तिने मुलीला फोन लावला. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

"आई, तू आणि थेंब चुकवणार?" मुलगी म्हणाली. "घरी आमच्या टूथब्रशला नावं चिकटवतेस तू! बाबांच्या चपलेलासुद्धा चिठ्ठी आहे. रडतेयस का? रडू नकोस. आज गुरुवार ना? मग तुझ्या त्या हातोडीवाल्या मॅडम येतील. त्यांना सांग."

सिस्टरने डोळे पुसले आणि मागे वळली. जिन्याच्या तोंडाशी पांढऱ्या केसांची, बुटकीशी बाई आपली फुगलेली पिशवी सावरत दम खात उभी होती.

"पान कापलं म्हणे कुणी," ती म्हणाली. "आणि पेशंट कुठंय? पानाचं नंतर बघू."

२

हातोडीवाल्या मॅडम नसांच्या डॉक्टर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण दर गुरुवारी दहाला येऊन नव्या डॉक्टरांना आणि नर्सना मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा नसा तपासायला शिकवायच्या. "नस म्हणजे रक्ताची नव्हे हं, निरोपाची," हे त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. पिशवीत हातोडी, टॉर्च, कापूस, नादकाटा, साबणाची वडी आणि कॉफीची डबी. लोक त्यांना हसायचे, पण त्यांनी तपासलेल्या पेशंटबद्दल पैज मात्र कुणी लावायचं नाही.

शिवणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर टॉवेल दाबलेला. पन्नाशीच्या, बोलक्या. आज मात्र चेहरा ओढलेला होता.

"बाई, मी तुमची परीक्षा घेणार," मॅडम म्हणाल्या. "सोपी आहे. डोळे मिटा, एक नाकपुडी दाबा. कसला वास?"

"कॉफीचा. पिऊ देणार का नुसता वासच?"

"पास झालात तर पिऊ देईन."

मग एक-एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. गालांना, कपाळाला कापूस टेकवला, दात आवळायला सांगितले, हसायला लावलं, गाल फुगवायला लावले. कानाशी नादकाटा धरला. 'आ' म्हणायला लावून घशात टॉर्च मारला, पाण्याचा घोट गिळायला लावला. खांदे उचलायला लावून वरून दाबून पाहिले.

"आता जीभ बाहेर काढा."

"क्लासमधल्या मुली माझ्या पाठीमागे काढतात. आज मला संधी मिळाली," असं म्हणून शिवणबाईंनी जीभ काढली. ती सरळ बाहेर आली.

सिस्टर पायथ्याशी उभी राहून मनात मोजत होती. वास, दृष्टी, चेहऱ्याचा स्पर्श, चेहऱ्याची हालचाल, कान, घसा, मान-खांदे, जीभ. सगळं चोख. मॅडमनी डोळ्यांची हालचाल मुद्दाम शेवटाला ठेवली होती.

त्यांनी टॉवेल बाजूला केला. डाव्या डोळ्यात टॉर्च मारला. डावी बाहुली चटकन बारीक झाली, उजवी तशीच. मग उजव्या डोळ्यात मारला. डावी पुन्हा बारीक झाली, उजवी ढिम्म.

"बघितलंत?" मॅडमनी मागे उभ्या असलेल्या छोट्या डॉक्टरांना विचारलं. "उजव्या डोळ्यात पडलेला उजेड मेंदूला कळतोय, म्हणून तर डावी मिटतेय. आत जाणारा निरोप पोचतो. बाहेर येणारा हुकूम तेवढा उजवीला पोचत नाही."

"थेंबांनी हेच होतं, मॅडम," छोटे डॉक्टर म्हणाले. "तीन-चार तासांत उतरेल."

"होतं खरं." मॅडमनी बोट शिवणबाईंच्या नाकासमोर धरलं. "डोकं हलवायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी बोटामागे या."

बोट उजवीकडे गेलं. दोन्ही डोळे गेले. बोट डावीकडे गेलं. डावा डोळा गेला, उजवा मध्यापर्यंत येऊन अडला, एखादं जुनं दार अडावं तसा. वर नेलं, तरी तेच.

"बोटं किती दिसतात?"

"दोन," शिवणबाई म्हणाल्या. "एक खरं, एक वरती तिरकं."

मॅडम वाकल्या आणि त्यांनी शिवणबाईंच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, अलगद अंगठा ठेवला. तिथे आठ्या होत्या. डाव्या बाजूला एकही नव्हती.

"बाई, कपाळ ढिलं सोडा. अगदी ढिलं."

शिवणबाईंनी कपाळ सोडलं, आणि उजवी पापणी गाडीच्या काचेसारखी सावकाश खाली आली. अर्धा डोळा झाकून थांबली.

सिस्टरच्या आता लक्षात आलं. ही बाई कपाळाच्या जोरावर पापणी तोलून धरत होती, आणि टॉवेलखाली कुणालाच दिसलं नव्हतं.

मॅडम सरळ झाल्या. "थेंबांनी बाहुली मोठी होते, कबूल. थेंबांनी पापणी पडत नाही."

३

व्हरांड्यात नेऊन मॅडम भराभर बोलल्या. समोर मेट्रन, छोटे डॉक्टर आणि सिस्टर.

"डोळा हलवणाऱ्या नसा तीन. चौथी आणि सहावी मिळून दोनच स्नायू सांभाळतात. बाकी सगळा संसार तिसरीवर. पापणी तिने उचलायची, डोळा आत, वर, खाली तिनेच न्यायचा आणि बाहुली बारीकही तिनेच करायची. इथे तिसरी तेवढी दमलीय, शेजारच्या सगळ्या शाबूत. आणि बाहुलीचे धागे त्या नसेच्या अगदी बाहेरच्या सालीवर असतात. बाहेरून कुणी नस दाबायला लागलं की पहिला मार त्यांना बसतो."

"दाबणार कोण?" मेट्रननी विचारलं.

"मेंदूला रक्त नेणारी एक वाहिनी तिला घासून जाते. त्या वाहिनीला फुगवटा आला तर अस्संच दिसतं. डोकेदुखी, पापणी, बाहुली. फुगवटा आज आहे, उद्या फुटू शकतो. तासाभरानेही."

मेट्रननी वळून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज आला.

"रक्तवाहिन्यांचा स्कॅन आत्ता हवा," मॅडम म्हणाल्या. "मी फोन करून जागा धरलीय. मशीन अर्ध्या तासात रिकामं होतंय. माझी सही इथे आता चालत नाही. डॉक्टर, तुम्ही करा."

छोटे डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. "मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, एकपर्यंत बाहेर येत नाहीत. पापणी झोप नसल्याने जड झाली असेल, मॅडम. डोळा आधीपासून तिरळा असेल. थेंबांच्या पेशंटचा मेंदूचा स्कॅन मागितला आणि काही निघालं नाही, तर माझं हसं होईल."

"हसं झालेलं मला चालेल. पण ठीक." मॅडम मेट्रनकडे वळल्या. "कपाटात काचबिंदूच्या पेशंटसाठी बाहुली बारीक करायचं औषध असेल. काढा. तुमच्याच हाताने दोन्ही डोळ्यांत एक-एक थेंब टाका, म्हणजे उद्या कुणी सिस्टरचं नाव घेणार नाही. सकाळच्या थेंबांनी बाहुली मोठी झाली असेल, तर तिथे कुलूपच बसलंय. या औषधाने ती हलणार नाही. पण नुसतीच नस दमली असेल, तर हुकूम थेट स्नायूला मिळाल्यावर ती मुकाट्याने मिटेल. मशीन रिकामं होईपर्यंत उत्तर मिळेल."

मेट्रननी किल्ली काढली. थेंब टाकून त्यांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून पंचवीस मिनिटं.

"आता आपल्याकडे अर्धा तास आहे," मॅडम सिस्टरला म्हणाल्या. "पानाचं बघू या."

४

वॉर्डच्या कोपऱ्यातली औषधं लावायची खोली. एक स्टूल, एक टेबल, एक सिंक. मॅडमनी एकेकाला आत बोलावलं आणि प्रत्येकाला तेच विचारलं: सात ते साडेनऊ कुठे होतात, वहीला हात लावलात का, आणि त्या कागदावर काय होतं?

पहिल्या आल्या मावशी. वॉर्डची साफसफाई त्यांच्याकडे. सिस्टरशी त्यांचं सोमवारीच कचऱ्याच्या डब्यावरून वाजलं होतं, आणि सिस्टरच्या मनात पहिला संशय त्यांचाच आला होता.

"माझ्यावर घेऊ नका हां," मावशी आल्या आल्याच म्हणाल्या. "भांडण झालं, खरंय. पण मी भांडते ते तोंडावर. कागद कापायचा तर आधी वाचता यायला नको? मला वही आणि वाणसामानाची यादी सारखीच. डबे मात्र मी दोनदा उपसले सकाळपासून, कागदाचा कपटा नव्हता. म्हणजे ज्यानं नेला त्यानं अंगावरच ठेवलाय."

"काय होतं कागदावर?"

"थेंबांचं काहीतरी. सगळे तेच बोलताहेत."

मेट्रन आत आल्या त्या ताठ. "मी सव्वानऊला वॉर्डात आले. साडेनऊला वही उघडली, तेव्हा कागद गेलेलाच होता. त्यावर थेंबांची नोंद होती असं सिस्टर सांगतात. मी पाहिलेली नाही."

छोटे डॉक्टर उंबऱ्यातच उभे राहिले. "मी नऊला आलो, थेट पेशंटकडे गेलो. वहीला आज हातच लावला नाही."

"आणि कागदावर?"

"पाठीमागे थेंबांची नोंद होती ना. तीच गेली." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "जाऊ मी? पेशंटजवळ कुणीतरी हवं."

"जा," मॅडम म्हणाल्या.

सिस्टरने आजींच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

"बोलू नका, सिस्टर! सकाळी घरी आल्यापासून उच्छाद मांडलाय. उजव्या डोळ्याला उजेड सहन होत नाही म्हणून घरात काळा चष्मा घालून बसल्यात. पेपर धूसर दिसतो म्हणून पेपरवाल्याला शिव्या देताहेत, शाई पातळ वापरतात म्हणे!"

सिस्टरने फोन ठेवला. "आजींचीच बाहुली मोठी झालीय, मॅडम. थेंब बरोबर डोळ्यात गेले."

"गेलेच होते. पण मेट्रन म्हणतील, दोघींच्याही डोळ्यांत टाकले असतील. त्याचं उत्तर तो थेंब देईल." मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. "आता तुमची पाळी. शिवणबाईंचं काल काही वेगळं दिसलं?"

"नाही हो. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा माझ्या एप्रनचं बटण तुटलं होतं, ते लावून दिलं त्यांनी. सुई ओवली, एक डोळा मिटून..." सिस्टर थांबली.

"सुई ओवताना सगळेच एक डोळा मिटतात."

"हो, पण ओवून झाल्यावरही त्यांनी तो उघडला नाही, मॅडम. सगळं बटण एका डोळ्याने लावलं. मी म्हटलंसुद्धा, झोप आली का? त्या हसल्या." सिस्टरने कपाळाला हात लावला. "त्यांना कालच दोन-दोन दिसत होतं."

"म्हणजे सव्वासातच्या थेंबांच्या आधी बारा तास. बरं. आता वहीचं सांगा. नोंद कशी केलीत? डोळ्यांसमोर आणा."

"वही उघडली. डाव्या बाजूचं पान भरलेलं, उजव्या बाजूचंही खालपर्यंत भरलेलं. म्हणून पान उलटलं आणि मागच्या बाजूला पहिलीच ओळ लिहिली."

"उजव्या पानावर काय होतं?"

सिस्टर उत्तर द्यायला गेली आणि अडली. "नाही वाचलं. रात्रपाळीच्या सिस्टरने तोंडी सांगितलं होतं सगळं, मी घाईत होते. ती आता घरी झोपलीय, फोन बंद आहे." तिचा चेहरा उतरला. "वाचायला हवं होतं मी."

"हवं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यात ना राग होता ना सांत्वन. "कागदाला दोन बाजू असतात, सिस्टर. सकाळपासून सगळा दवाखाना एकाच बाजूबद्दल बोलतोय. कापणाऱ्याला तुमची बाजू नकोच होती कदाचित. ती आपली पाठीला पाठ लावून गेली."

तेवढ्यात वॉर्डातून मेट्रनची हाक आली. "मॅडम! लवकर या!"

५

शिवणबाईंच्या खाटेभोवती सगळे गोळा झाले होते. मेट्रननी टॉर्च उजव्या डोळ्यावर धरला होता. उजवी बाहुली, जी सकाळी थाळीएवढी दिसत होती, ती आता मिरीच्या दाण्याएवढी होती. डावीसारखीच.

"मिटली," मेट्रन हळूच म्हणाल्या. "म्हणजे थेंब पडलेच नव्हते."

शिवणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "मी सांगू का? सकाळी सिस्टर आल्या, नाव विचारलं, मी माझं सांगितलं, तर म्हणाल्या तुम्ही नाही, आणि गेल्या. मला कुणी विचारलंच नाही."

खरंच, वॉर्डात सगळ्यांची चौकशी झाली होती आणि पेशंटला एकानेही विचारलं नव्हतं.

मॅडमनी कोरा फॉर्म छोट्या डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी पेन काढलं, पण हात हवेतच राहिला. त्यांचे ओठ हलले. "मॅडम, मला काहीतरी सांगायचंय."

"सही आधी. बाकीचं नंतर."

त्यांनी सही केली. आणि मग स्ट्रेचरची वाट न बघता स्वतःच खाटेची चाकं मोकळी केली, मावशींनी दुसरी बाजू धरली, आणि खाट सरळ लिफ्टकडे धावत सुटली. शिवणबाईंचा हात सिस्टरच्या हातात होता.

"सिस्टर, मोठं काही आहे का हो?"

"आहे," सिस्टर म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "पण फुटायच्या आधी सापडतंय. आधी सापडलं की डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं."

स्कॅनच्या दारावर लाल दिवा लागला. बाकावर चौघं बसले. छोटे डॉक्टर उभेच.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आज वहीला हात लावला नव्हता. मग थेंबांची नोंद कागदाच्या पाठीमागे होती, हे तुम्हाला कसं कळलं? मेट्रनना माहीत नव्हतं, मावशींना माहीत नव्हतं. लिहिणाऱ्या सिस्टरना माहीत होतं. आणि ज्याने कागद कापून दोन्ही बाजू पाहिल्या, त्याला."

छोट्या डॉक्टरांनी एप्रनच्या आतल्या खिशात हात घातला. चार घड्या घातलेला कागद बाहेर काढला आणि सिस्टरच्या हातात दिला. मॅडमच्या नाही, मेट्रनच्या नाही.

एका बाजूला तिचीच सही, सव्वासात, आजींचं नाव. दुसऱ्या बाजूला, रात्रपाळीच्या नोंदींच्या वर, तिरक्या अक्षरात बुधवारची नोंद: 'संध्याकाळी आठ. शिवणबाई, उजवी पापणी किंचित खाली. डोळ्यामागे दुखतं. दोन दिसतात म्हणतात. सकाळी पाहू.'

"मोठ्या डॉक्टरांना तेव्हाच फोन करायला हवा होता," ते म्हणाले. "वाटलं, एवढ्यासाठी कुठे त्यांना त्रास द्यायचा. सकाळी बाहुली बघितली आणि मी घाबरलो. खाटा बदलल्याचं कानावर होतं. थेंबांचं तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर... टेबलावर ड्रेसिंगचं ब्लेड होतं. दोन मिनिटांत केलं मी ते. सिस्टरची नोंद मागच्या बाजूला आहे हे कापल्यावर दिसलं, आणि तरीही मी गप्प बसलो."

"मला बुडवायला निघाला होतात तुम्ही," सिस्टर म्हणाली. "मी बुडाले असते तर सावरले असते कशीतरी. आत आहे तिचं काय?"

छोट्या डॉक्टरांनी स्कॅनच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

लाल दिवा विझला. दार उघडून स्कॅनच्या डॉक्टर बाहेर आल्या. "फुगवटा आहे. उजव्या बाजूला, बरोब्बर तिसऱ्या नसेवर टेकलेला. अजून फुटलेला नाही. ऑपरेशनवाल्यांना कळवलंय, ते निघालेत."

मॅडमनी पहिल्यांदाच पाठ भिंतीला टेकली. मेट्रन उठल्या. किल्ली काढून त्यांनी सिस्टरच्या कमरेच्या चापात स्वतःच्या हाताने अडकवली.

"चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "आणि ती मी चारचौघांत मान्य करणार. आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये."

६

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. फुगवट्याच्या मानेला इवलासा चिमटा लावला, रक्त जायचं बंद झालं, नसेवरचा दाब उतरला.

छोट्या डॉक्टरांनी खुलासा स्वतः लिहून दिला, एकही शब्द न लपवता. त्यांना सहा महिने कामावरून दूर ठेवलं, आणि शिकाऊपणाचं वर्ष पुन्हा करायला लावलं. लोकांना वाटलं, आता हा काही परत यायचा नाही. पण पुढच्याच गुरुवारी दहाच्या ठोक्याला ते मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. पगार नाही, एप्रन नाही. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नादकाटा त्यांच्या हातात दिला. सिस्टरला त्यांच्याशी बोलायला दीड महिना लागला. एके दिवशी तिने चहाचा दुसरा कप टेबलावर ठेवला, एवढंच.

वॉर्डातही बदल झाले. चिठ्ठीवर खाटेचा नंबर लिहायचं बंद झालं, नाव आलं. पाळी बदलताना वहीचं शेवटचं पान दोघींनी मोठ्याने वाचायचं, हा नियम सिस्टरने स्वतः मागून घेतला. सुरुवातीला तरुण नर्सना हसू यायचं. मावशी मात्र झाडू भिंतीला टेकवून लक्षपूर्वक ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "चार नंबरचं परत वाचा, नीट कळलं नाही."

शिवणबाई दर पंधरा दिवसांनी तपासायला येत. पहिल्या खेपेला पापणी अजून पडलेलीच होती. दुसऱ्या खेपेला ती पट्टीने मोजून दोन मिलिमीटर वर आलेली. "नस सावकाश जागी होते," मॅडम म्हणाल्या. "तिला घाई करता येत नाही, तुम्हीही करू नका." शिवणबाईंनी डोळ्यावर पट्टी लावून क्लास पुन्हा सुरू केला. पट्ट्या स्वतःच शिवल्या, प्रत्येक साडीला जुळणाऱ्या.

तिसरा महिना संपता संपता एका सकाळी त्या वॉर्डाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यावर पट्टी नव्हती. मॅडम गावाला गेल्या होत्या, म्हणून सिस्टरनेच त्यांना खुर्चीत बसवलं. टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या बारीक झाल्या, उजवी किंचित मागून, पण झाली. मग बोट धरलं. उजवीकडे. डावीकडे. उजवा डोळा नाकाच्या दिशेने सरकत आला, आणि अडला नाही. वर. खाली.

सिस्टरने बोट मधोमध आणून थांबवलं.

"किती दिसतात?"

शिवणबाईंनी घाई केली नाही. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग सिस्टरच्या चेहऱ्याकडे, मग मागच्या खाटांकडे, खिडकीकडे, पुन्हा सिस्टरकडे. सगळ्या गोष्टी एकेक करून तपासत असल्यासारख्या.

"एक," त्या म्हणाल्या. "बोट एक. खिडकी एक. आणि सिस्टर, तुम्हीसुद्धा एकच आहात हो. इतके दिवस मला वाटत होतं, हा वॉर्ड चालवायला दोघी लागत असतील."

सिस्टर हसली. मग तिने फोन काढला आणि गावाला गेलेल्या मॅडमचा नंबर लावला.